घुणाक्षरन्याय व रोंगोरोंगोच्या फळ्या

सिंधुतीरींच्या मुद्रांवरील लिपि व पॅसिफिक महासागरांतील रापा नुई ऊर्फ ईस्टर बेट येथील लांकडी फळ्यांवरील लिपि या एकाच कुळांतल्या आहेत, हें विधान आपल्या वाचकांस नवें नाहीं. सर जॉन मार्शल यांचा मोहेंजो-दडोविषयींचा तीन खंडांचा ग्रंथ १९३१ सालीं बाहेर पडला आणि मुद्रांचीं छायाचित्रें जगाच्या हातीं आलीं. पुढच्याच वर्षीं पॅरिस येथें राहणाऱ्या ग्विल्योम द हेवेशी या हंगेरियन गृहस्थांचें टिपण प्रख्यात चीनविद्याविशारद पॉल पेलिओ यांनीं तेथील विद्वत्सभेपुढें ठेविलें. टिपणाबरोबर एक तक्ता होता. एका रकान्यांत सिंधुमुद्रेवरील चिन्ह, शेजारच्या रकान्यांत रापा नुईच्या फळीवरील चिन्ह. अशा जोड्या त्यांनीं पुढें शंभराहून अधिक जमविल्या. व्हिएन्नाचे रॉबर्ट हाइने-गेल्डर्न यांच्यासारखे वजनदार पंडित त्यांच्या बाजूस उभे राहिले. आपल्याकडे तर या तक्त्याचें स्वागत व्हावें हें स्वाभाविकच होतें. १९४० सालीं चमनलाल यांचें ‘हिंदू अमेरिका’ हें इंग्रजी पुस्तक निघालें, आणि तेव्हांपासून महासागर ओलांडून आर्यसंस्कृति मेक्सिको व पेरूपर्यंत नेण्याची वाट पुष्कळांस सोपी झाली. हेवेशींचें मत तज्ज्ञांनीं केव्हांच बाजूस सारलें आहे. परंतु तक्ता मात्र मेला नाहीं. तो पुस्तकांतून पुस्तकांत आणि व्याख्यानांतून व्याख्यानांत फिरत आहे, आणि ज्यांचें सर्व आयुष्य जुनीं बाडें सोडविण्यांत गेलें असे विचक्षण गृहस्थही त्याजपुढें मान तुकवितांना दिसतात. म्हणून त्याची परीक्षा आपल्याच पद्धतीनें, म्हणजे अस्सल व नक्कल पारखणाऱ्याच्या पद्धतीनें, करून पाहण्याचें योजिलें आहे.

तक्ता पहिल्यानें पाहणारा मनुष्य चमकतो, हें आरंभींच कबूल करणें रास्त. हातांत दंड घेतलेला पुरुष, चंद्रकोर, मासा, जाळीदार चौकट, हात पसरून उभी असलेली आकृति, ही चिन्हें दोन्हीं रकान्यांत अशीं शेजारीं शेजारीं बसविलीं आहेत कीं एकाच लेखणीचा भास व्हावा. परंतु तक्ता म्हणजे मुद्रा नव्हे आणि फळीही नव्हे. तो दोहोंवरून कोणीतरी काढलेल्या रेखाटनांचा कागद आहे. आपल्या परिभाषेंत बोलावयाचें तर नकलेची नक्कल आहे. तेव्हां पहिला प्रश्न असा कीं, ही नक्कल मुळाबरहुकूम आहे काय?

हा प्रश्न ज्यांनीं प्रथम नेटानें विचारला ते आल्फ्रेड मेत्रो हे १९३४-३५ सालच्या फ्रेंच-बेल्जियन मोहिमेंतून प्रत्यक्ष बेटावर राहून आलेले होते. १९३८ सालीं त्यांनीं ‘आन्थ्रोपोस’ या नियतकालिकांत तक्त्याची झडती घेतली. मुळाशीं ताडून पाहतां त्यांस असें आढळलें कीं, रेखाटनें ठिकठिकाणीं मुळापासून ढळलेलीं आहेत, आणि तीं ढळलीं आहेत तीं साम्याच्याच दिशेनें. हाइने-गेल्डर्न यांनीं त्याच नियतकालिकांत उत्तर दिलें. पण रेखाटन मुळाप्रमाणें आहे कीं नाहीं हा वाद युक्तिवादानें सुटत नसतो, मूळ उघडून दाखवावें लागतें.

हेवेशींनीं जाणूनबुजून लबाडी केली असें मी म्हणत नाहीं. पोथ्यांच्या नकला ज्यांनीं हाताळल्या आहेत त्यांस हा प्रकार नित्याचा आहे. नक्कलकार मनांत जो पाठ धरून बसतो तोच त्याच्या डोळ्यांस दिसूं लागतो. फुटक्या अक्षराची मात्रा तो आपल्या पदरची घालतो, अधिक वाटलेली रेघ कसर समजून सोडून देतो. आणि अखेर जो शब्द तेथें नव्हताच तो प्रतींत सुवाच्य अक्षरांत उभा राहतो. अशी प्रत हातीं आली म्हणजे आपण ती जुन्या पोथीशीं ताडून पाहतों; त्याशिवाय तिच्यावर एक ओळही बांधीत नाहीं. मग हाच नियम समुद्रापलीकडच्या फळीस कां लावूं नये?

समजा, रेखाटनें सर्वस्वीं निर्दोष आहेत. तरी पुढें काय? इरावतम् महादेवन यांनीं १९७७ सालीं सिंधुचिन्हांची जी यादी छापली तींत ४१७ चिन्हें आहेत. रापा नुईच्या चिन्हांस थॉमस बार्थेल यांनीं १९५८ सालीं जे क्रमांक दिले ते सुमारें सहाशें. दोन्हीकडे चित्रवजा चिन्हें. दोन्हीकडे माणूस, मासा, पक्षी, झाड, चांदणी. चारशें आणि सहाशें चित्रांच्या दोन राशींतून शंभर जोड्या निवडण्याची मुभा असेल तर त्या न सांपडल्या तरच नवल. माणसास हात दोन आणि पाय दोन. दोन देशांतल्या दोन मुलांनीं कोळशानें भिंतीवर माणूस काढला तर तो सारखाच निघेल. अशोकाच्या ब्राह्मींतील ‘क’ हा अंकगणितांतील अधिक चिन्हासारखा आहे, आणि ‘ठ’ हा रोमन लिपींतील गोल अक्षरासारखा. म्हणून कोणी रोमन लिपि पाटलिपुत्रास आणून बसविली नाहीं. आपल्या शास्त्रकारांनीं या भ्रमास फार पूर्वींच नांव देऊन ठेविलें आहे: घुणाक्षरन्याय. किडा लांकूड कोरीत जातो, त्याच्या मार्गांत एखादें अक्षर उमटतें. त्यावरून किड्यास लिपि येत होती असें कोणी म्हणत नाहीं. येथें तर वस्तुही लांकडाचीच आहे. मात्र न्याय लावावयाचा तो साम्यास, फळ्यांस नव्हे. फळ्यांवर लिहिणारे हात चांगले शिकलेले होते.

चिन्ह जुळलें असें मानावयाचें तर त्याची जागाही जुळावयास पाहिजे. लिपि म्हणजे आकृतींची पिशवी नव्हे. कोणतें चिन्ह कोणाच्या शेजारीं बसतें, कोणतें अखेरीस येतें, कोणतें वारंवार येतें, यांत तिचा प्राण असतो. सिंधुमुद्रांवरील लेख फार आंखूड; सरासरीनें पांच चिन्हांचे. त्यांत सर्वांत अधिक वेळां येणारें घटाकृति चिन्ह बहुधा लेखाच्या शेवटीं असतें. उलट रापा नुईची एकेक फळी म्हणजे शेंकडों चिन्हांचा अखंड प्रवाह. सांतियागो येथील काठीवर तर तेवीसशेंच्या वर चिन्हें आहेत. तिचा वाचनक्रमही विलक्षण आहे: खालच्या ओळीपासून आरंभ, आणि ओळ संपली कीं फळी उलटी फिरवून पुढची ओळ वाचावयाची, कारण प्रत्येक दुसरी ओळ डोक्यावर उभी असते. सिंधुलेख सामान्यतः उजवीकडून डावीकडे जातात. क्वचित् दुसरी ओळ उलट दिशेनें येते, पण चिन्हें डोक्यावर उभीं राहत नाहींत. तक्त्यांतील जोड्यांपैकीं दोन किंवा तीन चिन्हांची एखादी मालिका दोन्हीकडे त्याच क्रमानें वारंवार येते असें दाखवितां आलें असतें तर विचार करावा लागता. तशी मालिका पुढें आली नाहीं.

आतां काळ व देश. सिंधुसंस्कृतीचा भरभराटीचा काळ इसवी सनापूर्वीं सुमारें २६०० ते १९००. रापा नुईवर मनुष्यवस्ती झाली ती पॉलिनेशियन दर्यावर्दी तेथें पोहोंचले तेव्हां, इ. स. १२०० च्या सुमारास. मधलीं तीन हजार वर्षें ही लिपि कोठें राहिली? ताम्रपटांत, शिळेंवर, झाडाच्या सालीवर, वाटेंतल्या एकाही बेटावर तिचा मागमूस नाहीं. जावा-सुमात्रांत नाहीं, सामोआ-टोंगांत नाहीं, ताहितींत नाहीं. सर्व पॉलिनेशियांत रापा नुई हें एकच बेट असें कीं जेथें युरोपीयांच्या अंमलापूर्वीं अशा चिन्हांचे लेख सांपडतात. आणि अंतर? पृथ्वीच्या गोलांतून मोहेंजो-दडोच्या पायाखालीं सरळ आरपार सळई घातली तर ती रापा नुईच्या पश्चिमेस सुमारें अडीचशें किलोमीटरांवर बाहेर निघेल. दोन्हीं स्थळें जवळजवळ एकमेकांच्या पाताळांत आहेत! या योगायोगावरही अलीकडे भाष्यें झालेलीं आहेत. सूर्यसिद्धान्तांत लंकेच्या बरोबर पाठीमागें सिद्धपुर सांगितलें आहे, तेव्हां आमच्या पूर्वजांनीं तें पाहिलेंच असलें पाहिजे, असें म्हणणारे भेटतात. परंतु सिद्धपुर हें गोलावरच्या गणितानें मानलेलें स्थान आहे. गोल मानला कीं त्याच्या पाठीमागें एक बिंदु येतोच. त्यास नांव देण्यासाठीं तेथें जावें लागत नाहीं.

फळ्यांच्या काळाविषयीं इतक्यांत जी नवी माहिती मिळाली आहे ती आपल्या वाचकांस विशेष रुचेल. ताहितीचे बिशप टेपानो जोसां यांस १८६८ सालीं बेटावरील नवख्रिस्ती लोकांनीं माणसाच्या केसांची लांब दोरी भेट पाठविली. ती दोरी एका जुन्या लांकडी फळीवर गुंडाळलेली होती. बिशपांनीं दोरी उलगडली आणि खालीं लेख निघाला! पाठविणाऱ्यांस फळीचें महत्त्व उरलें नव्हतें. रीळ म्हणून ती उपयोगी पडली होती. आपल्याकडे जुन्या दप्तरांच्या पुड्या बांधल्या गेल्या, त्यांतलाच हा प्रकार. तीच फळी आज रोम येथें आहे, आणि २०२४ सालीं प्रसिद्ध झालेल्या किरणोत्सर्गी कार्बनाच्या कसोटींत तिचें लांकूड इसवी सनाच्या पंधराव्या शतकांतील ठरलें. रॉगेव्हीन हा डच कप्तान १७२२ सालीं ईस्टरच्या दिवशीं बेटास लागला. त्याच्या दोनशेंहून अधिक वर्षें आधींचें हें लांकूड. तेथेंच ठेविलेल्या इतर तीन फळ्या मात्र एकोणिसाव्या शतकांतील निघाल्या.

येथें संग्राहकांस एक इशारा देण्याची गरज नाहीं, तरी देतों. लांकडाचें वय म्हणजे लेखाचें वय नव्हे. जुन्या कोऱ्या कागदावर नवी शाई चालवून सनदा तयार करणारे महाभाग आपल्याला ठाऊक आहेत. बेटावर झाडें दुर्मिळ होतीं. जुनें लांकूड जपून ठेवून पुढें त्यावर लिहिलें गेलें असणें अशक्य नाहीं. उलट बाजूनें मात्र कसोटी पक्की आहे. ‘ताहुआ’ नांवाची सुमारें एक यार्ड लांबीची फळी परदेशी जहाजाच्या वल्ह्याची आहे, लांकूड यूरोप-अमेरिकेंतील ॲश वृक्षाचें. म्हणजे तो लेख बेटावर गोऱ्यांचीं जहाजें आल्यानंतरचा, यांत शंका नाहीं. आणि त्यावरील अठराशेंच्या आसपास चिन्हें इतक्या सफाईनें कोरलेलीं आहेत कीं त्या वेळींही विद्या जिवंत होती. पंधरावें शतक धरा वा अठरावें, सिंधुमुद्रांशीं सांधा कोठेंच जुळत नाहीं.

‘मामारी’ नांवाच्या दुसऱ्या फळीचें लांकूड कॅथरीन ऑर्लियाक यांनीं तपासलें. तें आपल्या कोंकणकिनाऱ्यावरील भेंडीचें, ज्यास परस पिंपळ म्हणतात त्या झाडाचें निघालें. उत्साही गृहस्थ हेंही प्रमाण म्हणून पुढें आणतील, म्हणून सांगून ठेवतों कीं हें झाड हिंदी व पॅसिफिक या दोन्हीं महासागरांच्या किनाऱ्यांवर सर्वत्र आहे. त्याचें बीं खाऱ्या पाण्यावर तरंगत जातें.

तर मग या फळ्यांकडे पाहावयाचें कसें? तें लेनिनग्राडच्या एका विद्यार्थ्यानें दाखवून दिलें, आणि ती हकीकत वाचतांना मला आपल्या भांडारकर संस्थेंतील महाभारताच्या संशोधित आवृत्तीचें स्मरण झाल्याशिवाय राहिलें नाहीं. बोरिस कुद्र्यावत्सेव्ह हा तरुण तेथील संग्रहालयांतील दोन फळ्या पुढें घेऊन बसला. मिक्लुखो-मक्लाय या रशियन प्रवाशाच्या त्या होत. एकही चिन्ह वाचण्याचा आव न आणतां त्यानें ओळीखालीं ओळ मांडली, आणि त्यास असें आढळलें कीं, दोहोंवर एकच पाठ आहे. इतकेंच नव्हे तर चिलींतील सांतियागो येथील एका फळीवरही तोच आहे! तीन पोथ्या, एक संहिता. कोठें एका प्रतींत दोन चिन्हें जोडून लिहिलीं आहेत तीं दुसरींत सुटीं. कोठें एक शब्द म्हणावा असा तुकडा एकींत आहे आणि दुसरींत गळला आहे. हा तरुण दुसऱ्या महायुद्धांत मरण पावला. त्याचा निबंध १९४९ सालीं, त्याच्या पश्चात् छापला गेला. डॉ. सुकथनकरांनीं आदिपर्वाच्या प्रती कुळवार लावल्या, त्याच जातीचें हें काम आहे. पाठभेदांवरून कळतें कीं कोणत्या आकृति एकमेकींच्या जागीं येऊं शकतात, कोणती शेपटी निव्वळ शोभेची आहे, चिन्हाची मर्यादा कोठें संपते. शंभर जोड्यांच्या तक्त्यानें जें एक पाऊल पडलें नाहीं तें या तीन प्रतींच्या ताळ्यानें पडलें.

नंतर बार्थेल यांनीं जगभर विखुरलेल्या फळ्यांचीं रेखाटनें एकत्र केलीं. अस्सल म्हणण्याजोग्या वस्तु अवघ्या दोन डझनांच्या आसपास आहेत, आणि त्यांतली एकही बेटावर उरलेली नाहीं. त्याच बार्थेल यांनीं ‘मामारी’ फळीवर दोन-अडीच ओळींत चांद्रमासाच्या रात्रींची मोजदाद आहे हें ओळखलें; चंद्रकोरींच्या रांगा आणि मध्यें पौर्णिमेचें चिन्ह. रोंगोरोंगोंतील एवढाच भाग असा कीं ज्याचा विषय सर्वांस मान्य आहे. आपल्या तिथींची आठवण येथें कोणासही होईल. परंतु चंद्र सर्वांस एकच आहे. तो वाढतो, घटतो, आणि एकोणतीस किंवा तीस रात्रींत फेरा पुरा करतो. रात्री मोजण्यास कोणास पंचांग उसनें आणावें लागत नाहीं.

बाकीचें वाचतां येत नाहीं, आणि कां येत नाहीं हें सांगणें या परीक्षणाचा भाग आहे. यूजेन एरो हे ख्रिस्ती धर्मबंधु १८६४ सालीं बेटावर राहिले. घरोघर चिन्हांनीं भरलेल्या फळ्या व काठ्या आहेत असें त्यांनीं लिहिलें. पण त्याआधींच, १८६२-६३ सालीं, पेरूच्या जहाजांनीं धाड घालून बेटावरचे सुमारें दीड हजार लोक मजुरीसाठीं पळवून नेले होते. त्यांत राजघराण्यांतले व पाठक वर्गांतले लोक गेले. बोभाटा झाल्यावर जे मूठभर जिवंत परत पोंचले त्यांनीं देवी आणल्या. १८७७ सालीं बेटावर मोजून १११ माणसें उरलीं होतीं. जोसां यांनीं ताहितींत मेतोरो नांवाच्या एका रापानुई मजुरापुढें फळ्या ठेवून पाठ म्हणविला तेव्हां तो चित्रें पाहून ‘पक्षी’, ‘माणूस’, ‘आकाश’ असें म्हणत गेला. १८८६ सालीं अमेरिकन आरमारी अधिकारी टॉमसन यांनीं उरे वाएइको या वृद्धास गांठलें. त्यानें फळ्यांच्या छायाचित्रांवरून घडाघडा म्हणून दाखविलें. छायाचित्र बदललें तरी म्हणणें चालूच राहिलें. संहिता मुखोद्गत असलेला घनपाठी समोर कोणती पोथी आहे याची पर्वा करीत नाहीं, हें आपण जाणतों. त्यानें म्हटलें तें खोटें नव्हतें. मात्र तें फळीवरचें नव्हतें.

ज्या लोकांचे वाचक असे एका वर्षांत नाहींसे झाले त्यांच्या हातची ही एकच विद्या मागें राहिली आहे. ती त्यांची नव्हेच, आमची आहे, असा दावा आपण अडीच ओळींच्या वर वाचतां न येणाऱ्या लेखावर ठोकावा, हें मला प्रशस्त वाटत नाहीं. परकीयांनीं आपल्या लेण्यांचें श्रेय ग्रीकांस देऊं केलें तेव्हां आपले विद्वान् किती संतापले होते! थोर हेयेरडाल यांनीं १९४७ सालीं तराफ्यावरून १०१ दिवस प्रवास करून बेटांचीं शिल्पें पेरूवाल्यांच्या पदरांत घालण्याचा उद्योग केला, तोही याच मापाचा.

अमेरिका खंडाविषयीं ‘हिंदू अमेरिका’ या वर्गांतील पुस्तकांत जें येतें त्याचा समाचार थोडक्यांत घेतों, कारण त्यांत तक्त्याइतकाही नेटकेपणा नाहीं. युकातानांतील माया लोक हे सभापर्वांतल्या मयासुराचे वंशज, कारण नांव तेंच! शाळेंत शिकवितांना पितृ-पातेर, शर्करा-सक्कारम् अशा खऱ्या जोड्या सांगितल्या कीं दुसऱ्या दिवशीं मुलें स्वतः शोधलेल्या वीस जोड्या घेऊन येत. त्यांतल्या एकोणीस या प्रकारच्या असत. यास्कानें अक्षरमात्राच्या साम्यावरही निर्वचन करण्यास मुभा दिली आहे खरी, पण ती अर्थाच्या मागोमाग जाण्यासाठीं. अर्थ सोडून नादाच्या मागें लागण्यासाठीं नव्हे. होंडुरासमधील कोपान येथील एका स्तंभावर सोंडेचे हत्ती आहेत, हा दुसरा आवडता पुरावा. स्तंभ इ. स. ७३१ चा. सोंड म्हणून दाखविली जाते ती मकाव या मोठ्या पोपटाची वांकडी चोंच होय. आणि आतां माया लेख वाचतां येऊं लागल्यावर त्याच स्तंभावर ‘मकाव-पर्वत’ असें स्थळाचें नांव कोरलेलें मिळालें आहे. चित्राचा वाद लेखानें मिटविला. शून्याविषयीं म्हणाल तर माया लोकांची गणती वीसांची, आपली दहांची; त्यांच्या दीर्घ गणनेची सर्वांत जुनी तारीख इसवी सनापूर्वीं ३६ या वर्षाची आहे.

माया लिपि वाचली गेली कशी, ही कथा मात्र थोडी विस्तारानें सांगण्यासारखी आहे. १५६२ सालीं मानी या गांवीं दिएगो दे लांदा या पाद्र्यानें माया लोकांच्या पोथ्यांची होळी केली. अंजिराच्या जातीच्या झाडाच्या सालीचा कागद, त्यावर चुन्याचा लेप, आणि पंख्यासारख्या घड्या, अशा त्या पोथ्या. आज चार शिल्लक आहेत. ड्रेस्डेन, माद्रिद, पॅरिस आणि मेक्सिको येथें. चौथीविषयीं बनावटीचा संशय पुष्कळ वर्षें होता. २०१८ सालीं मेक्सिकोच्या पुराणवस्तु खात्यानें ती अस्सल ठरविली. याच लांदानें पुढें आपल्या वृत्तांतांत माया ‘मुळाक्षरें’ लिहून ठेविलीं. मूळ हस्तलिखित नाहीं. नंतरची संक्षिप्त नक्कल माद्रिद येथें १८६२ सालीं ब्रासर द बूरबूर यांस सांपडली. ती मुळाक्षरें लावून वाचूं गेलें तर अर्थ लागेना, म्हणून पंडितांनीं ती यादी निरुपयोगी ठरविली. १९५२ सालीं युरी क्नोरोझोव्ह यांनीं त्यांतली मेख ओळखली. लांदानें स्पॅनिश वर्णांचीं नांवें ‘बे’, ‘से’ अशीं उच्चारलीं, आणि माया लेखकानें तो तो उच्चार आपल्या चिन्हानें लिहिला. चिन्हें वर्णांचीं नव्हतीं. स्वरयुक्त व्यंजनांचीं, म्हणजे आपण ज्यांस अक्षरें म्हणतों त्यांचीं होतीं. पोथींत टर्कीच्या चित्रावर दोन चिन्हें, ‘कु’ व ‘त्सु’. माया भाषेंत टर्की म्हणजे ‘कुत्स’. कुत्र्याच्या चित्रावर ‘त्सु’ व ‘लु’. कुत्रा म्हणजे ‘त्सुल’. एका शब्दाच्या शेवटचें चिन्ह दुसऱ्याच्या आरंभीं तेंच आलें, आणि चित्रानें त्यास साक्ष दिली. अक्षर ही कल्पना पाणिनीच्या देशास जवळची खरी, पण म्हणून ती येथून गेली असें क्नोरोझोव्ह यांनीं म्हटलें नाहीं. त्यांनीं युकातानांतल्या जिवंत भाषेस विचारलें.

मग महासागराच्या दोन तीरांमध्यें संबंध नव्हताच काय? होता, आणि त्याचा पुरावा कसा असतो तें पाहण्यासारखें आहे. न्यूझीलंडच्या माओरी भाषेंत रताळ्यास ‘कूमारा’ म्हणतात, रापा नुईवर ‘कुमारा’. दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम बाजूच्या भाषांत ‘कुमर’, ‘कुमाल’ अशीं रूपें मिळतात. संस्कृत शिकलेल्याच्या कानांस येथें लगेच ‘कुमार’ ऐकूं येतो. पण संस्कृत कुमारास रताळें हा अर्थ नाहीं. पॉलिनेशिया व अमेरिका यांमध्यें मात्र शब्दाबरोबर वस्तु आहे. रताळ्याचें माहेर अमेरिका. आणि कुक द्वीपसमूहांतील मांगाइआ बेटावर कोलंबसाच्या कित्येक शतकें आधींच्या थरांत त्याचे जळके तुकडे मिळाले आहेत. २०२० सालीं रक्ताचा पुरावाही आला: पूर्व पॉलिनेशियांतील लोकांच्या वंशांत इ. स. १२०० च्या सुमारास अमेरिकेंतील मूळ रहिवाशांचा अंश मिसळला. शब्द, कंद, थराचें वय, वंश, आणि ती मजल मारूं शकणारी नौका व नावाडी, सर्व एका ठिकाणीं येतात, आणि एकमेकांस विचारून आलेले नाहींत. आपल्याकडील रताळें पोर्तुगीजांच्या काळांत आलें. ‘रक्तालु’ हें दुसऱ्याच एका तांबड्या कंदाचें जुनें नांव त्यास चिकटलें. नुसत्या शब्दावर विसंबणाऱ्यानें त्यावरून रताळें चरकाच्या काळीं नेऊन ठेवलें असतें.

हेवेशींचा तक्ता किंवा चमनलाल यांचें पुस्तक ज्यांच्या संग्रहीं असेल त्यांनीं तें काढून टाकूं नये. त्या काळच्या विचारांचा तो कागद आहे, आणि कागद म्हणून जपण्यासारखा आहे. मात्र शक्य झाल्यास मेत्रो यांचा १९३८ चा लेख त्याच बांधणींत घालावा, आणि तक्त्यांतील उजवा रकाना बार्थेल यांच्या रेखाटनांशीं ओळीनें ताडून, जेथें फरक आढळेल तेथें समासांत खूण करावी.